मी पायाळू आहे, असं मी म्हणाले

४ जानेवारी, सोमवार

ही डायरी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपनीतून मिळाली. पुठ्ठ्यावर हेल्मेट घातलेला माणूस आहे आणि खाली 'सुरक्षा प्रथम' असं छापलंय. दादा म्हणाले, "अभ्यासाचं टाइमटेबल लिही हिच्यात." टाइमटेबल पाळतंय कोण! मी माझं रडगाणंच लिहिणार आहे.

तर माझं नाव चतुरा. इयत्ता आठवी ब. आजीचं नाव माझ्या गळ्यात मारलं, त्यामुळं गणितात नापास झाले की सगळे सर तोच एक विनोद करतात. बसते शेवटच्या बाकावर. वर्गात मी आले काय अन् नाही आले काय, हजेरीशिवाय कुणाला पत्ता लागत नाही.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. कावीळ झाली होती. आता दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागली आणि दादांनी पैठणकडच्या एका वाडीवरून कस्तुराबाईंना करून आणलं. त्यांचा पहिला नवरा वारलेला. मला कुणी काही विचारलं नाही. मुकुंदवाडीची भागूआत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण, एवढंच म्हणाली, "पोरीला घरात कुणीतरी पाहिजे." पोरीला म्हणजे मला! मला नको होतं कुणी.

कस्तुराबाई एक घोंगडी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या. सगळा जन्म मेंढरांमागं फिरण्यात गेलाय त्यांचा. आमचे आजोबाही मेंढरंच राखायचे, पण ते मी गारखेड्यात कुणाला सांगत नाही. शाळेत मी सांगितलंय की पैठणला आमची मोसंबीची बाग आहे. आणि या बाई ती घोंगडी गच्चीवर वाळत घालतात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. दादांनी सांगितलं, मावशी म्हण. मी म्हणते. बाकी काही बोलत नाही.

७ जानेवारी, गुरुवार

आज मी काय करून बसले!

सव्वीस जानेवारीच्या लेझमीची प्रॅक्टिस होती. मॉनिटर द्वारका (दोन जाड वेण्या, वडील बँकेत, सगळी शाळा तिच्या मागं) म्हणाली, "चतुरा, तू मागं ऱ्हा यार, तुझा ठेका चुकतो." मी मागं गेले. तेवढ्यात पीटीचे म्हस्के सर लेझमींची पेटी उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. कंबरेत उसण भरली. चेहरा लालबुंद. वाकल्या वाकल्याच ओरडले, "अरे, वर्गात कुणी पायाळू आहे का?"

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले ते माणूस. त्यानं पाय लावला की उसण उतरते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळ्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

आणि माझा हात वर गेला. मी नाही केला, तो गेला! "सर, मी आहे."

सरांनी पाठ पुढं केली. मी चप्पल काढली, देवाचं नाव घेतलं आणि तीनदा पाय लावला. तिसऱ्यांदा जरा जोरातच बसला. सर "अग्गागा" म्हणाले, कळवळले आणि सरळ उभे राहिले!  मग द्वारका पुढं आली आणि म्हणाली, "चतुरा, तू इथं, माझ्या शेजारी."

मला काही माहीत नाही मी कशी जन्मले ते. चारचौघांसारखीच जन्मले असणार.

१२ जानेवारी, मंगळवार

पहिल्या बाकावर बसते. द्वारकाच्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी माझी. नववीच्या मुलीसुद्धा 'चतुराताई' म्हणतात. पायाळूला जमिनीत दडलेलंही दिसतं म्हणतात, म्हणून एकीनं हरवलेला कंपास कुठं असेल ते विचारलं. मी डोळे मिटून म्हणाले, "लाकडाजवळ." बाकाखालीच सापडला. शाळेतले सगळे बाक लाकडाचेच आहेत, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

लई भाव खाल्ला आज. मजा येते.

१६ जानेवारी, शनिवार

मजा गेली.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर चार बायका आणि एक म्हातारबाबा रांगेनं बसलेले. गल्लीत बातमी पोचली! मावशीनं सगळ्यांना चहा केला होता. मी एकेकाला पाय लावत गेले आणि ते "बरं वाटलं गं बाई" म्हणत गेले. म्हातारबाबांना तर माझा पाय नीट लागलाही नव्हता, तरी ते काठी न टेकता फाटकापर्यंत गेले. खरंच गेले.

शेवटची बाई गेली आणि दादा कंपनीतून आले. म्हणाले, "तू पायाळू? हे नवीनच. तुला कुणी सांगितलं?"

मावशी भांडी घासत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आईनं सांगितलं होतं."

 दादांनी माझ्याकडं बघितलं. मग सायकल पुसायला गेले, स्वच्छ होती तरी. गेली दोन वर्षं मी आईचं नाव घरात काढलं नव्हतं, आणि काढलं ते असं. जेवण गेलं नाही. मावशीनं ताट तसंच झाकून ठेवलं.

२२ जानेवारी, शुक्रवार

आता मावशीची पण कंबर धरली! सोमवारी दुपारी शाळेतून आले तर म्हणाली, "चतुरा, मला बी लाव की गं पाय. लई ठणकतीय."

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. सावत्र आईला लाथ मारायची आणि वर तिनंच बरं म्हणायचं, असा योग कुणाला येतो? चांगली हाणली. ती "हां, आता कसं" म्हणाली आणि हसली.

पण त्याआधी तिनं माझे पाय परातीत धुतले. म्हणाली, किती भेगा पडल्यात, थंडीचं कोमट तेल लावावं. लावलं. मग पाठ केली.

तेव्हापासून रोज आहे. रोज मी शाळेतून आले की हिची कंबर धरते आणि मी पाय लावला की सुटते. डॉक्टरला दाखवा म्हटलं तर म्हणते, "तुझ्या पायाचा गुण हाय, डाक्टर कशाला?" अडाणीपणाची कमाल आहे. टाचा मात्र मऊ झाल्यात.

२७ जानेवारी, बुधवार

काल लेझमीत पहिल्या रांगेत होते. दादा बघायला आले होते. मावशी पण आली होती. तिला शाळेच्या फाटकात बघून मी मान वळवली. द्वारकानं विचारलं, "ती बाई कोण रे, हात करतीय?" मी म्हणाले, कामाला आहे आमच्याकडं.

हे लिहिताना मला कसंतरी होतंय. मावशी घरी आल्यावर म्हणाली, "लई झ्याक नाचलीस."

३१ जानेवारी, रविवार

संकट. मोठं.

आमच्या गल्लीत नळ नाही. टँकर येतो, तोही त्याची लहर लागली तर. त्यामुळं सगळ्या प्लॉटवाल्यांनी मिळून एक बोअर घ्यायचं ठरवलंय. गल्लीचे पुढारी तात्यासाहेब आज आमच्याकडं आले, फेटा बांधून. दादांना म्हणाले, "बन्सी, अहो घरात पायाळू पोर असताना पाणाड्या कशाला बोलवायचा? पुढच्या रविवारी हिच्या हातावर नारळ ठेवू. हिला मोकळ्या प्लॉटमध्ये फिरवू. नारळ उभा राहील तिथं गाडी लावू."

पलीकडच्या गल्लीत गेल्या वर्षी बोअर घेतलं. दोनशे फूट खाली गेले, नुसता फुफाटा निघाला. त्या बायका अजून जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला शिव्या देतात. तो निदान परगावचा होता, निघून गेला. मी कुठं जाऊ?

मी दादांकडं बघितलं, वाटलं नाही म्हणतील. ते म्हणाले, "तुला जमेल तर कर." तात्यासाहेब म्हणाले, "जमेल काय? जमलंच पाहिजे! लेक कुणाची!" आणि दादा हसले. आई गेल्यापासून असे हसलेले मी बघितले नव्हते. आता त्यांना काय सांगू?

३ फेब्रुवारी, बुधवार

द्वारकाला खरं सांगायचं ठरवून गेले. मधल्या सुट्टीत म्हणाले, "द्वारका, समज मी पायाळू नसते तर..."

ती म्हणाली, "पागल आहेस का? मी मामाच्या गावापर्यंत सांगितलंय तुझ्याबद्दल. रविवारी आम्ही दहा जणी येणार आहोत बघायला."

मी पोळी गिळली. 

४ फेब्रुवारी, गुरुवार

काखेत कांदा धरून झोपलं की ताप चढतो म्हणतात. दोन कांदे घेऊन झोपले. ताप सोडा, साधी शिंक पण आली नाही. सकाळी मावशीनं अंथरूण काढताना कांदे उचलले, माझ्याकडं बघितलं. दुपारी त्यांचं पिठलं केलं.

६ फेब्रुवारी, शनिवार

सगळं लिहून काढते.

भागूआत्या आली. मी दाराआड होते. मावशी भाकरी थापत होती. आत्या म्हणाली, "काय गं कस्तुरा, गल्लीत काय ऐकते मी? चतुरा पायाळू? अगं माझ्याच घरी झाली ती, मुकुंदवाडीला! डोकं आधी आलं. या हातांनी धरलंय मी. थांब, बन्सीला सांगते."



भाकरीचा आवाज थांबला. मावशी म्हणाली, "वन्सं, हळू बोला. नका सांगू."

"अगं पण उद्या अख्खी गल्ली पोरीला फाडून खाईल!"

"म्या बघते काय करायचं ते. तुमी जेवा."

आत्या पुटपुटत जेवली आणि उन्हं उतरायच्या आत गेली. म्हणजे आता माझी मान या बाईच्या हातात. सांगेल दादांना, झालं माझं. मी कोपऱ्यात बसून राहिले.

तर मावशी आली आणि रोजच्यासारखी पाठ करून बसली. "लाव गं पाय. ठणकतीय." एवढं सगळं ऐकून! डोकं फिरलंय का हिचं?

मला रडूच फुटलं. म्हणाले, "मी नाहीये पायाळू. तुम्ही ऐकलं ना सगळं?"

ती वळली. "उठ. चप्पल घाल."

मला मोकळ्या प्लॉटमध्ये घेऊन गेली. कडेकडेनं चालली. मध्येच खाली बसायची, माती चिमटीत धरायची, हुंगायची. एक वारूळ दाखवलं. म्हणाली, "हे ओलं धरून असतंय." तात्यासाहेबांच्या कुंपणामागं हरळी होती, सगळं वाळलेलं असताना ती हिरवी. तिथं उंबराचं एक रोप पण होतं, कुणी न लावलेलं. "मेंढरं तहानली की अशाच जागी जाऊन तोंड घालतात. बाप म्हणायचा, त्यांच्या नाकावर इस्वास ठेव." बराच वेळ उकिडवी बसली. मग म्हणाली, "हितं असंल. नसंल तर मग कुठंच नसंल."

"आणि नाही लागलं तर?"

"तर माझं चुकलं. तुझं नाय."

उद्या ती कळशी घेऊन येणार आहे. ती जिथं कळशी टेकवील, तिथं मी नारळ उभा करायचा.

७ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! आयुष्यात अशी फजिती झाली नाही.

सगळी गल्ली जमली. द्वारका धरून त्या दहा जणी. म्हस्के सर पण सायकलवरून आले. तात्यासाहेबांनी माझ्या तळहातावर नारळ आडवा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मी निघाले. हाताला असा घाम सुटला की नारळ साबणासारखा सटकायला लागला. दोन चकरा मारल्या. मावशी कळशी टेकवून उभी होती, कुंपणामागं, बरोबर त्याच जागी.

मी जवळ गेले, बोटांनी नारळ उभा करायला गेले आणि तो पडला!

सगळे "अरे" म्हणाले. प्लॉटला जरासा उतार आहे. नारळ घरंगळत निघाला, मावशीच्या कळशीपर्यंत गेला आणि पुढं जाणार तेवढ्यात तिनं पटकन पायानं अडवला. मग वाकून नारळाला नमस्कार केला. हे फक्त मी बघितलं, कारण बाकी सगळे तात्यासाहेबांकडं बघत होते, ते ओरडत होते, "नारळ हातातून उडी मारून गेला! आपल्या पायानं गेला! लावा खूण!"

दहाही जणींनी टाळ्या वाजवल्या. 

११ फेब्रुवारी, गुरुवार

लागलं! एकशे साठ फुटांवर!

बोअरची गाडी सकाळपासून घरघरत होती. शंभरपर्यंत नुसती पांढरी धूळ. मग दीडशे. तात्यासाहेबांनी फेटा काढून ठेवला. बायका माझ्याकडं बघायला लागल्या आणि मी जमिनीकडं. मला वाटलं, इथून उठावं आणि स्टँडवर जाऊन मिळेल त्या एस.टी.त बसावं. आणि एकदम फस्सकन चिखलाचा फवारा! पोरं नाचली. मला कुणीतरी खांद्यावर घेतलं.

दादांचे डोळे भरले होते. सगळ्यांना सांगत होते, "हिच्या आईची पुण्याई. जाताना पोरीला देऊन गेली." तात्यासाहेब म्हणाले, "मग पाटी तिच्याच नावाची लावू. कैलासवासी मनकर्णाबाईंच्या कृपेनं." पेंटरला निरोप पण गेला.

मावशी मागं उभी होती. पदर डोळ्याला लावला होता. मुरूम उडत होता, डोळ्यात गेला असणार. मी बघितलं तर लगेच हसली आणि आमच्या पायऱ्यांवरचा चिखल धुवायला लागली.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेत हेडसरांनी नाव घेतलं. दुसऱ्या दोन कॉलन्यांतले लोक नारळ घेऊन घरी येऊन गेले. मी मावशीला म्हणाले, मी सगळं सांगून टाकते. ती म्हणाली, "गप ऱ्हा. बापाला किती बरं वाटतंय बघ. माझं काय जातंय?"

तिचं काय जातंय ते मला नीट सांगता येत नाही. पण काहीतरी जातंय. मला पाटीवर आईचं नाव पाहिजेच आहे. आणि खोटं पण नको आहे. या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, हे कुणी शिकवलं नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज जलपूजन होतं. हापशाला हार, पाटी नवीकोरी. ताटात नारळ, मला फोडायला सांगितला. दादा नव्या शर्टात. मावशी सगळ्या बायकांच्या मागं, ताटातलं कुंकू संपलं तर लागेल म्हणून करंडा धरून उभी.

शेजारची एक बाई तिला म्हणाली, "ए बाई, जरा बाजूला हो, पोरीची आई दिसू दे." म्हणजे पाटी. मावशी बाजूला झाली.

मी नारळ खाली ठेवला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणाले, "मी पायाळू नाही. मी खोटं बोलले. नारळ माझ्या हातून घामानं पडला. जागा मावशीनं शोधली, आदल्या दिवशीच. ती मेंढरांमागं फिरलीय, तिला माती कळते. आणि आमची मोसंबीची बाग नाही. आमच्या आजोबांची पण मेंढरंच होती." बागेचं कुणी विचारलंच नव्हतं, पण सुरू झाले ते थांबता आलं नाही. "आणि ती आमच्याकडं कामाला नाही. ती आमच्या घरातली आहे."

 द्वारकानं वेणी मागं टाकली आणि मैत्रिणींना घेऊन निघून गेली. म्हस्के सर "तरीच!" म्हणाले आणि त्यांनी कंबर धरली. खरंच, तिथल्या तिथं परत भरली त्यांची!

तात्यासाहेब एवढंच म्हणाले, "पण पाणी तर लागलंय ना? मग? आणि ही पाटी रंगवून झालीय, हिचं काय करायचं आता?"

मावशीनं पहिल्यांदाच गल्लीत तोंड उघडलं. म्हणाली, "पाटी ऱ्हाऊ द्या. चांगलं नाव हाय." मग करंडा माझ्या हातात दिला आणि घरी गेली.

आम्ही घरी आलो तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं आणि आतून रडण्याचा आवाज. साधं नाही, मोठ्यानं, हुंदके देऊन. मी घाबरले. ओट्यावर दादांशेजारी बसले.

"दादा, मी आईचं नाव घेऊन खोटं बोलले."

"ठाऊक होतं मला. तू झालीस तेव्हा मी मुकुंदवाडीलाच होतो, दाराबाहेर."

"मग बोलला का नाही?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा तू तिचं नाव काढलंस. मी कसा तोडू?" त्यांनी चष्मा पुसला. "पाणी लागलं तेव्हा तर मलाही वाटलं, असेल बाबा खरं."

आत रडणं चालूच होतं.  सोमवारी पुन्हा शेवटचा बाक, ते ठीक आहे. पण मी खरं बोलले, तिचं नाव सांगितलं, तरी ही रडते का? मी म्हणाले, "दादा, माझं काही चुकलं का? जाऊ का आत? गप्प करू का तिला?"

दादा म्हणाले, "राहू दे. रडू दे तिला पोटभर. परक्याच्या घरात कुणी असं मोठ्यानं रडत नसतं."